खदान संपते, हिशेब संपत नाही

मोबाइलवर नकाशा उघडा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. आधी वणी, मग घुग्घुस, मग चंद्रपूर. शेतांच्या हिरव्या-तपकिरी चौकोनांमध्ये काळे-राखाडी डाग दिसतील. काहींच्या तळाशी हिरवट पाणी साचलेलं असेल. या आपल्या कोळशाच्या खदानी. त्यांच्या कडेला जे लांबच लांब उंचवटे दिसतात, ते डोंगर नाहीत. कोळशापर्यंत पोचायला वरची माती, मुरूम, दगड काढावा लागतो, त्याचे ते ढिगारे.

लहानपणी मामाच्या गावाला जाताना एसटीच्या खिडकीतून मी हे ढिगारे बघायचे आणि मला ते खरेच डोंगर वाटायचे. ‘त्या डोंगरावर कोणतं देऊळ आहे गं?’ असं मी एकदा आईला विचारलं होतं. डोंगर म्हटला की वर देऊळ असणारच, एवढंच तेव्हा माहीत होतं. आई हसली. म्हणाली, ‘अगं, तो डोंगर नाही, खदानीची माती आहे ती. मी शाळेत होते तेव्हा तिथे सपाट रान होतं.’

आता बोटाने नकाशा सरकवा, थेट जर्मनीत. बर्लिनच्या दक्षिणेला, पोलंडच्या सीमेकडे लाउझित्झ नावाचा भाग आहे. तिथेही असेच डाग आहेत. पण त्यांतले बरेचसे निळे झालेत, काही हिरवे झालेत आणि काही अजून वाळूच्याच रंगाचे आहेत. हे सगळे एकेकाळचे खदानींचे खड्डे. त्यांच्यातल्या एका मोठ्या तुकड्यावर आज पाणथळ जागा आणि माळरान यांचं राखीव क्षेत्र उभं राहिलं आहे. आपल्या खदानींचं पुढे काय, हा प्रश्न सरळ आपल्याच पिढीच्या पदरात पडणार आहे. म्हणून आज त्या जर्मन तुकड्याबद्दल.

आधी काय झालं होतं?

पूर्व जर्मनी नावाचा वेगळा देश होता, तेव्हाची ही गोष्ट. या देशाकडे स्वतःचं म्हणावं असं मोठं इंधन एकच होतं, ते म्हणजे लिग्नाइट, तपकिरी कोळसा. १९८०च्या दशकात हा एवढासा देश वर्षाला ३० कोटी टनांहून जास्त लिग्नाइट काढत होता. जगात इतर कोणीही एवढं काढत नव्हतं.

पद्धत आपल्या ओपनकास्टसारखीच, फक्त आकार अवाढव्य. आधी जमिनीतलं पाणी पंपांनी उपसायचं, मग वरची वाळू-माती एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला टाकायची आणि मधला कोळसा उचलायचा. ही माती वाहून नेणारं एफ-६० नावाचं यंत्र आजही लिश्टरफेल्ड या गावाजवळ उभं आहे. लांबी ५०२ मीटर. आयफेल टॉवर आडवा ठेवला, तरी या यंत्रापुढे कमी पडेल. गंमत म्हणजे हे यंत्र जेमतेम वर्षभर चाललं आणि १९९२मध्ये खदानच बंद झाली. आता लोक तिकीट काढून त्याच्यावर चढतात.

यंत्राची गंमत वाटते, पण त्याच्यासमोर जे आलं ते गेलं. लाउझित्झमधली १३०हून जास्त गावं कोळशासाठी पूर्ण किंवा अंशतः उठवली गेली. त्यांतली कितीतरी गावं सोर्ब या अल्पसंख्य समाजाची होती. या लोकांची भाषा वेगळी, सण वेगळे. गाव उठलं की भाषा बोलणारे चार ठिकाणी पांगतात, आणि पुढच्या पिढीत ती भाषा आजीपुरती उरते. धरणग्रस्त किंवा प्रकल्पग्रस्त घरातले कोणी हे वाचत असतील, तर त्यांना यातलं काही वेगळं समजावून सांगायला नको.

१९९०मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि बहुतेक खदानी धडाधड बंद पडल्या. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. होयर्सवेर्डा हे खदान कामगारांसाठी वाढवलेलं शहर. १९८०च्या दशकात तिथे ७० हजारांच्या आसपास लोक राहत होते. आज त्याच्या निम्मेही नाहीत. गेलेल्यांमध्ये जास्त करून तुमच्या-माझ्या वयाचे होते. मागे उरले ते खड्डे, उघडी वाळू आणि ‘आता याचं करायचं काय?’ हा प्रश्न.

नावच ‘हिरवं घर’

पुष्कळ खड्ड्यांमध्ये पाणी भरून तलाव केले गेले. तिथे आज बोटी चालतात, हॉटेलं आहेत, सायकलचे रस्ते आहेत. पण फिन्स्टरवाल्डे आणि लाउखहामर या गावांच्या परिसरातल्या जुन्या खदानींची सुमारे २००० हेक्टर जमीन वेगळ्या कारणासाठी घेतली गेली. नाबू ही जर्मनीतली १८९९ सालापासूनची निसर्गसंस्था. तिच्या फाउंडेशनने २००३पासून ही जमीन टप्प्याटप्प्याने विकत घेतली आणि तिथे निसर्गाला मोकळं सोडायचं ठरवलं. या जागेचं नाव ग्र्युनहाउस, म्हणजे हिरवं घर.

तुम्हाला वाटेल, म्हणजे मोठं वृक्षारोपण झालं असणार, मंत्र्यांच्या हस्ते. तसं नाही. ग्र्युनहाउसचं वैशिष्ट्य हेच की तिथल्या बऱ्याच भागात मुद्दाम काही लावलंच नाही. वाळू उघडी ठेवली. आधी तिथे चंदेरी गवताचे झुपके आले. मग कुठे बर्च, कुठे पाइन वाऱ्यावर बी येऊन आपसूक उगवले. खोलगट जागी पाणी साचलं, काठाला लव्हाळी आणि वेत आले. शरद ऋतूत आज तिथे क्रौंच आणि रानहंस उतरतात. उथळ पाण्यात उभं राहून क्रौंच रात्र काढतात, कारण कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो.

तिथल्या सुक्या वाळूवर जे उभं राहतं त्याला युरोपात ‘हीथ’ म्हणतात. मातीत कस नाही, पाणी टिकत नाही, मोठी झाडं विरळ. ठेंगणी झुडपं, गवत, दगडफूल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हेदरच्या झुडपांना जांभळी फुलं आली की सगळं रान जांभळं दिसतं. वाचताना काही आठवलं? आपलं कास पठार. तिथेही खडकावर मातीचा पातळ थर आहे, आणि नेमक्या याच महिन्यांत फुलं येतात. माती भरपूर आणि कसदार असती तर उंच गवताने ही फुलं कधीच दाबून टाकली असती. गरीब मातीतच टिकणारे जीव असतात, आणि श्रीमंत माती त्यांना परवडत नाही.

हुदहुद्या पक्षी घ्या. डोक्यावर तुरा, लांब चोच. आपल्याकडे कॉलेजच्या ग्राउंडवरसुद्धा दिसतो. जर्मनीत तो दुर्मीळ आहे. खतं घातलेल्या हिरव्यागार शेतात त्याला उघड्या जमिनीवरचे किडे टिपता येत नाहीत. म्हणून तो सापडतो कुठे, तर लष्कराच्या जुन्या सराव मैदानांवर आणि बंद खदानींच्या वाळूवर. कंठेरी चिखल्या नावाचा छोटा पक्षी तर पाण्याजवळच्या उघड्या खडीवरच अंडी घालतो. तिथे आपण उत्साहाने रोपं लावली, तर त्याचं घरच मोडलं.

आपल्याकडे ‘पडीक’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. माळरान म्हणजे पडीक, सडा म्हणजे पडीक. मग तिथे झाडं लावली की पुण्य. खदानीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लागतातच, उतार धरून ठेवायला आणि धूळ अडवायला, त्यात वाद नाही. पण संपूर्ण खदानीचं ‘पुनरुज्जीवन’ फक्त रोपांच्या आकड्यात मोजणं म्हणजे आजारी माणसाला किती गोळ्या दिल्या ते सांगायचं आणि तो बरा झाला का, हे सांगायचंच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२०मध्ये खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून चारा मिळाला पाहिजे, अशी अट खाणपट्ट्यांना घालायला केंद्र सरकारला सांगितलं होतं. न्यायालयाने गवताची आठवण करून द्यावी लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फोटोत न दिसणारं

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘चला, म्हणजे खदान झाली तरी टेन्शन नाही. नंतर निसर्ग सगळं भरून काढतो.’ नेमकं हेच खरं नाही, आणि हा लेख त्याचसाठी आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. लाउझित्झच्या जमिनीत लोह आणि गंधक यांचं संयुग असलेलं पायराइट आहे. पाण्याखाली दबलेलं असतं तोवर ते गप्प असतं. खोदकामात त्याला हवा लागली की रासायनिक क्रिया सुरू होते, आणि नंतर पाणी परत चढलं की त्यातून आम्ल तयार होतं. तिथल्या काही तळ्यांचा पीएच ३च्या आसपास होता, साधारण लिंबाच्या सरबताइतका. दिसायला पाणी नितळ, निळंशार. नितळ अशासाठी, की त्यात फारसं काही जगतच नाही. म्हणून तिथे बोटीतून चुना पसरवतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शिवाय लोह विरघळून श्प्रे नदीत उतरतं आणि नदीचं पाणी गंजासारखं तपकिरी होतं. खदान बंद होऊन ३० वर्षं झाली तरी हे थांबलेलं नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. ढिगाऱ्यात टाकलेली वाळू सैल असते. पंप बंद झाले, भूजल वर आलं, की ती भिजते. मग छोट्याशा धक्क्यानेही घट्ट वाटणारी जमीन अचानक द्रवासारखी वाहू लागते. जर्मनीच्याच दुसऱ्या लिग्नाइट पट्ट्यात, नाखटरश्टेट या गावात, १८ जुलै २००९च्या पहाटे जुन्या खदानीच्या तलावाचा काठ घसरला. घरं पाण्यात गेली आणि ३ माणसं मृत्युमुखी पडली. लाउझित्झमध्ये आजही हजारो हेक्टरवर प्रवेशबंदीच्या पाट्या आहेत. स्फोट करून, मोठाले कंप देऊन वाळू दाबून बसवण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. ग्र्युनहाउसच्या काही भागांत माणसाला जाता येत नाही, त्याचं एक कारण हे आहे. पक्ष्यांना तिथे शांतता मिळते. पण ही शांतता भीतीमुळे आलेली आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. हे सगळं निस्तरायला एलएमबीव्ही नावाची सरकारी मालकीची कंपनी काढावी लागली. पूर्व जर्मनीतल्या जुन्या लिग्नाइट खदानींवर १९९०नंतर १० अब्ज युरोंहून जास्त खर्च झालाय. आपल्या हिशेबात साधारण १ लाख कोटी रुपये. आणि हा पैसा कोळसा विकून कमावणाऱ्यांनी बाजूला ठेवलेला नव्हता. तो नंतरच्या करदात्यांनी भरला, म्हणजे जे तेव्हा शाळेत होते किंवा जन्मलेही नव्हते त्यांनी. जर्मनीकडे एवढा पैसा होता. सगळ्यांकडे नसतो.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर चुना टाकून उपयोग नाही. क्रौंच आले, गावं परत आली नाहीत.

मग आपल्याकडे?

आपल्याकडे कागदावर एक गोष्ट बरी आहे. कोळसा मंत्रालयाने २००९मध्ये खाण बंद करण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक खदानीला ‘माइन क्लोजर प्लॅन’ हवा, आणि खदान चालू असतानाच दर वर्षी ठरावीक रक्कम एस्क्रो खात्यात जमा झाली पाहिजे. म्हणजे कंपनीला ती मनमानी वापरता येत नाही. बंद करण्याचं काम जसजसं होईल तसतशी ती परत मिळते. पूर्व जर्मनीत जी चूक झाली, ती टाळायचा हा मार्ग आहे. वेकोलिच्या सावनेर भागात इको पार्क झालं, खाण पर्यटन सुरू झालं, हेही खरं. पण बाग ही बाग असते. एका बागेवरून शेजारच्या दहा खड्ड्यांचं काय होणार हे कळत नाही.

आणि निसर्ग परत येतो तेव्हा तो आपल्याला विचारून येत नाही. लाउझित्झमध्ये, खदानींच्या शेजारच्या लष्करी सराव क्षेत्रात, २००० साली लांडग्यांची पिल्लं जन्मली. जर्मनीत जवळपास १५० वर्षांनी. त्यानंतर मेंढपाळांना नुकसानभरपाई, कुंपणाला अनुदान, लांडग्यांवर सतत लक्ष ठेवणं असं सगळं उभं करावं लागलं, आणि वाद तरीही संपलेला नाही.

आपल्याकडे लांडगा नाही, वाघ आहे. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा आणि खदानींचा परिसर ताडोबाला अगदी लागून. रिकाम्या जागी आणि ढिगाऱ्यांवर झुडपं वाढली, रानडुकरं आली, त्यांच्यामागे वाघ-बिबटे आले. २०२२मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा जीव गेला, आणि शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने मुलांचे बळी घेतले. हीदेखील खदानीच्या जमिनीवर परतलेल्या निसर्गाचीच गोष्ट. फरक एवढाच, की ग्र्युनहाउसमध्ये कोणीतरी आधी बसून ठरवलं की इथे काय असू द्यायचं, माणसांनी कुठवर जायचं आणि लक्ष कोण ठेवणार. आपल्याकडे जे झालं ते न ठरवता झालं, आणि त्याची किंमत सायकलवरून निघालेल्या कामगाराने मोजली.

खदानी उद्याच बंद करा, असं मी म्हणत नाहीये. हे वाचणाऱ्या कित्येकांची फी खदानीच्या पगारातून भरली गेली असेल. माझ्या मामेभावांचीही तशीच भरली गेली. पण कोळसा कधीतरी संपतोच. एकेक खदान बंद होतेच. जर्मनीने तर २०३८पर्यंत कोळशाची वीज थांबवण्याचा कायदा २०२०मध्येच केला, तरी ‘त्यानंतर आम्ही काय करायचं?’ असं लाउझित्झची मुलं आजही विचारतात. आपण तो प्रश्न अजून मोठ्याने विचारायलाही सुरुवात केलेली नाही.

तर सुरुवात कुठून करायची? तीन गोष्टी सुचतात.

एक, कागद मागा. खदानींना पर्यावरण मंजुरीच्या अटी असतात आणि त्या पाळल्या की नाही याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. हे अहवाल गुप्त नसतात. क्लोजर प्लॅनमध्ये शेवटी काय राहणार लिहिलंय, तलाव, शेती, की जंगल? एस्क्रो खात्यात किती जमा आहे? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. पत्रकारितेचे विद्यार्थी असाल तर अख्खी बातमी त्यात आहे.

दोन, मोजा. केमिस्ट्रीवाल्यांनी जुन्या खड्ड्यातल्या पाण्याचा पीएच वर्षभर, दर महिन्याला मोजला, बॉटनीवाल्यांनी ढिगाऱ्यावर न लावता काय काय उगवलं ते लिहून ठेवलं, झूलॉजीवाल्यांनी हिवाळ्यात पक्षी मोजले, तर पाच बॅचमध्ये असा रेकॉर्ड तयार होईल जो आज आपल्यापैकी कोणाकडेही नाही. दर वर्षी प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून आपण नेटवरून उतरवतोच ना? मात्र चालू खदानीत किंवा खड्ड्याच्या कडेवर परवानगीशिवाय, एकटं जाऊ नका. नाखटरश्टेटचा काठही घट्टच दिसत होता.

तीन, जनसुनावणीला जा. नवी खदान किंवा जुनीचा विस्तार असला की बहुतेक वेळा ती होते. तिथे मोबदला आणि नोकरी यांवर बोलणं होतं आणि ते व्हायलाच हवं, कारण जमीन ज्यांची गेली त्यांच्यासाठी तो जगण्याचा प्रश्न आहे. फक्त त्यानंतर कोणीतरी उठून आणखी एक प्रश्न विचारावा: ‘खदान संपल्यावर इथे काय असेल, ते सांभाळणार कोण, आणि पैसे आधीच ठेवलेत का?’ हा प्रश्न विचारायला पर्यावरणाची डिग्री लागत नाही.

मागच्या दिवाळीत त्याच रस्त्याने पुन्हा गेले. शेजारच्या सीटवर एक छोटी मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती. तिने त्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं आणि तिच्या आईला विचारलं, ‘तिथे वर जाता येतं का?’ आईने ‘नाही’ म्हणून तिला मांडीवर ओढलं. ती माझ्या वयाची होईल तेव्हा या प्रश्नाचं उत्तर वेगळं असू शकतं. पण ते आपोआप वेगळं होणार नाही. त्या ढिगाऱ्याचा क्लोजर प्लॅन कुठल्या तरी फायलीत आजही आहे. या आठवड्यात माझा १० रुपयांचा अर्ज जाणार आहे. तुमच्या गावाजवळच्या खदानीसाठी तुमचा कधी जातोय?